मुंडकं रांधणारीचं

ऑकलंडच्या भावाने लॅपटॉप पाठवला, तेव्हा फुआतिनोला वाटलं, आपलं नशीब उघडलं. खोकं बोटीतून उतरलं, बसच्या टपावर बसून गावात आलं आणि रीतीप्रमाणे आधी सासरच्या घराण्यापुढे मांडलं गेलं. तिथेच त्या नशिबाचे तुकडे पडले.

वाटणी करायला वाएलुआ होता. वाएलुआ गावाचा वक्ता; लग्न असो, मयत असो, बोलायचं त्यानेच. हातात काठी, खांद्यावर काथ्याची चवरी. त्याने खोकं उघडायला लावलं आणि भाजलेलं डुक्कर वाटतात तसा लॅपटॉप वाटला. डुकराची पाठ थोरल्या सरदाराची, तशी चामड्याची पिशवी सरदाराला. पाद्रीबुवांना वगळून गावात शिंपलीसुद्धा वाटत नाहीत, म्हणून चार्जर त्यांच्या घरी. मांडी वक्त्याची. वाएलुआने खोक्यातून सीडी काढली. यंत्राबरोबर येणारे सगळे प्रोग्राम तिच्यावर होते, पण त्याला दिसली ती तिची चमक. ती त्याने उन्हात धरून फिरवली, माणसांच्या तोंडावर उजेड नाचवला आणि स्वतःच्या कमरेच्या लुंगीत खोचली.

मागे उरलं ते यंत्र.

"हे मुंडकं," वाएलुआ म्हणाला. "मुंडकं रांधणाऱ्याचं. या घरात रांधतं कोण?"

सगळे हसले आणि सगळ्यांनी हनुवटीने चुलीकडे दाखवलं. चुलीपाशी फुआतिनो बसली होती, डोळ्यांत धूर घेऊन. अशी ती लॅपटॉपची मालकीण झाली.

नवऱ्याच्या घरात राहणाऱ्या सुनेला आपल्याकडे फार विचारत नाहीत. फुआतिनोचा नवरा पेनिआमिना सफरचंदं तोडायला न्यूझीलंडला गेलेला. पहिल्या हंगामात दर रविवारी फोन करायचा, मग सणाला, आणि आता फक्त त्याच्या आईला. फुआतिनो मात्र त्याच घरात होती. त्या घराला भिंती नव्हत्या. खांब, छप्पर आणि चटया. चारी बाजूंनी समुद्र दिसायचा, रस्ता दिसायचा, बस जाताना दिसायची. भिंतीच्या घरात कोंडलेल्या माणसाला निदान रडायला कोपरा असतो. इथे तोही नव्हता.

यंत्राची बॅटरी वर्षभरातच मेली. मग चार्जर जिथे असेल तिथेच लॅपटॉप चालायचा, म्हणजे पाद्रीबुवांच्या अंगणातल्या सभेच्या घरात. तिथे बसू द्यावं म्हणून फुआतिनो पाद्रीणबाईंचं अंगण झाडायची, चादरी धुवायची, आणि मग उरलेल्या वेळात शिकायची. मास्तरणीचा कोर्स होता, घरून करायचा. शेवटचं काम म्हणजे वर्षभराचे पाठ स्वतः तयार करून पाठवायचे. ते सोमवारी सकाळी पोचले की ती पास, आणि पास झाली की आपियाला शाळेत नोकरी आणि शाळेच्या मागे राहायला खोली. समुद्रापलीकडे, समोरच्या बेटावर. बोटीने जायचं आणि परत यायचं नाही.

पाठ लिहून झाले होते. आणि त्याच आठवड्यात, प्रोग्राम स्वतःला दुरुस्त करत असताना गावची वीज गेली. वीज आली तेव्हा लिहायचा प्रोग्राम उघडेना. त्याच्या चित्रावर बोट आपटलं की पडदा क्षणभर पांढरा व्हायचा आणि पुन्हा बंद.

ती बस पकडून सालेलोलोंगाच्या बाजारात गेली. तिथे तिचा मामेभाऊ इओसुआ फोनच्या दुकानात बसतो.

"रडू नको," इओसुआ म्हणाला. "हंडी फुटलीय, भात सांडलेला नाही. तुझं लिखाण आत आहे. फक्त लिहायचा प्रोग्राम परत घालायला हवा. खोक्याबरोबर सीडी आली असेल ना?"

"आली होती. वाटली."

"वाटली म्हणजे?"

"वाएलुआच्या वाट्याला गेली."

इओसुआने कपाळावर हात मारला. पण तोही गावचाच, त्याने जास्त विचारलं नाही. "बरं, ऐक. सगळ्यात आधी पाठ पेनड्राइव्हवर उतरवून घे. काहीही दाबायच्या आधी. हा घे, गळ्यात घाल. मग चार्जर नीट लावलाय का बघ. मग सीडी. यंत्र बंद होऊन परत सुरू होईल आणि निळ्या पडद्यावर दोन ओळी येतील. वरची ओळ म्हणजे फक्त प्रोग्राम परत घाल, बाकीच्याला हात लावू नको. खालची म्हणजे सगळं पुसून टाक, यंत्र दुकानातून आल्यासारखं कर. पट्टी खालच्या ओळीवर असेल. बनवणाऱ्यांना पुसायचीच हौस. कोपऱ्यात आकडा उतरत जाईल. तो शून्याला यायच्या आत पट्टी वर ने आणि एंटर दाब. नाही दाबलंस तर ते आपल्या मनाने पुसेल."

"आणि घाबरून तार ओढली तर?"

"मग यंत्राचा दगड होईल. त्याने नारळ फोड."

परत आली तेव्हा सासू, सिनापाती, नारळ खवत बसली होती. सिनापातीला वाचता येत नव्हतं, पण माणसाचं तोंड वाचायला ती कोणाला हार जायची नाही.

"मेलं का तुझं मुंडकं?"

"मेलं नाही, आई. आजारी आहे."

"आणि बरं झालं की तू जाणार."

फुआतिनोने खवलेला नारळ पातेल्यात भरला.

"जा की. मास्तरीण हो, चपला घाल. माझी पाठ कोण चोळणार? धाकट्या सकाइओची बायको? तिचे हात म्हणजे काथ्या. माझी कातडी निघेल." तिने खवणीवर नारळ जोरात घासला. "मीही याच घरात सून म्हणून आले. समोरच्या बेटावरून. आकाश मोकळं असलं की माझ्या गावचा डोंगर इथून दिसतो. मी गेले का?"

"तुम्ही का नाही गेलात?"

"नारळ खव," सिनापाती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फुआतिनो वाएलुआकडे गेली. त्याच्या अंगणात कोकोच्या बिया वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्यावर, विलायती फणसाच्या फांदीला दोरीने बांधून, तिची सीडी लटकत होती. साळुंक्या खाली उतरल्या की वारा सीडी फिरवायचा आणि उजेडाने त्या उडून जायच्या.

"वाएलुआकाका, ती चकती..."

"कुठली? माझी?"

"तुमचीच. एका संध्याकाळपुरती हवी होती."

म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. "मांडी परत मागायला आलीस? खाल्लेली मांडी कोणी ओकतं का, पोरी?"

"ओकू नका, काका. नुसती दाखवा."

तो खदखदून हसला. वक्त्याला उत्तर दिलेलं आवडतं. "जीभ आहे तुला. उगाच चुलीशी घालवतेस. पण हे बघ, वाटलेली वस्तू मुकाट्याने परत गेली तर गाव म्हणेल, वाएलुआला ती पेलली नाही. देता येणार नाही. सादर करता येईल. शनिवारी संध्याकाळी पाद्रीबुवांकडे येतो, मानाने, भाषण करून. तुझ्या सासूला समोर बसायला सांग, घेणारं कोणी थोर हवं. आणि जेवायला?"

"कोंबडी."

"आणि अळूच्या पानांची पालुसामी. नारळाचं दूध पाणचट काढू नकोस."

"काका, पण चकती मी घालीन हं आत. आधी मला थोडं काम करावं लागेल."

"हो हो," वाएलुआ म्हणाला. वक्त्याचं हो म्हणजे पुढच्या वाक्याची तयारी.

शनिवारी ती दुपारपासून पाद्रीबुवांच्या अंगणात होती. विचार असा की कोणी यायच्या आत लॅपटॉप लावावा आणि पाठ पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत. पण पाद्रीणबाईंनी तिला आल्याआल्या चुलीकडे धाडलं. "वक्ता येणार, आणि भांडी बघ कशी! आधी भांडी, मग यंत्र." भांडी झाली, तर पानं. पानं झाली, तर पाणी. लॅपटॉप सभेच्या घरात चटईवर मांडून, चार्जर लावून, चालू करून ठेवण्याएवढाच वेळ तिला मिळाला. गळ्यातल्या दोरीला पेनड्राइव्ह लोंबत होता, धुराने काळा पडलेला.

वाएलुआ आला तो ठरल्याच्या आधीच, छातीला तेल लावून. सिनापाती फुलांचा झगा घालून लॅपटॉपशेजारी मांडी घालून बसली. पाद्रीबुवा समोर बसले.

"काका, आधी मला..." फुआतिनो म्हणाली.

"आधी भाषण," वाएलुआ म्हणाला.

आणि भाषण सुरू झालं. ते पूर्वजांच्या होडीतून निघालं, वादळातून गेलं, समुद्रपक्ष्यांच्या थव्याबरोबर वळलं. वक्ता बोलत असताना मध्ये बोलणं म्हणजे भर सभेत लुंगी सुटणं. फुआतिनो मागच्या खांबाशी उभी राहून बोटाने पेनड्राइव्हची टोपी काढत होती, लावत होती. भाषण ऑकलंडला पोचलं तेवढ्यात पाद्रीणबाईंनी तिच्याकडे बघून भुवई उडवली: जेवण.

ती चुलीकडे धावली. तापलेल्या दगडांवरून पालुसामीचे पुडे काढले, कोंबडी पानावर ठेवली, बोटं भाजली. मागून वाएलुआचा आवाज चढत गेला, चढत गेला, आणि थांबला. वक्ता थांबला म्हणजे वस्तू हातातून ठेवली. ठेवली म्हणजे कुठे ठेवली? तिने ताट उचललं आणि त्याच वेळी रस्त्यावर शंख वाजला.

शंख वाजला की प्रार्थनेची वेळ. जो जिथे असेल तिथे घरात शिरतो, रस्ता ओस पडतो, आणि गावची तरुण पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून कोण हललं ते बघतात. हललेल्याच्या घरावर दंड बसतो, आणि दंडाहून मोठं म्हणजे नाव जातं. भाडोत्री टॅक्सीवालासुद्धा गाडी बंद करून बसतो.

फुआतिनो ताट घेऊन सभेच्या घरात शिरली तेव्हा भजन सुरू झालं होतं. ती आपल्या जागी बसली, मागच्या खांबाशी. पुढे थोर, मागे सुना. ताट गुडघ्यापाशी ठेवलं आणि मान वर केली.

पडदा निळा होता.

दोन ओळी. पट्टी खालच्या ओळीवर. कोपऱ्यात आकडा, तीन आकडी, उतरत होता.

म्हाताऱ्याने सीडी स्वतःच्या हाताने आत घातली होती. सादर करणाऱ्याने वस्तू स्वतःच ठेवायची असते, दुसऱ्याच्या हातात देऊन पळायचं नसतं. यंत्राने काही विचारलं असेल. आणि वाएलुआला कोणी विचारलं की तो हो म्हणतो.

भजन संपलं. "आपण प्रार्थना करू," पाद्रीबुवा म्हणाले. सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. फुआतिनोने मान खाली घातली, डोळे मिटले नाहीत.

पाद्रीबुवांची प्रार्थना म्हणजे पावसाळ्यातला ओढा. कुठून सुरू झाली कळायचं, कुठे संपेल ते नाही. त्यांनी पावसाबद्दल आभार मानले. माशांबद्दल मानले. आजारी माणसांची नावं घेतली, एकेक करून, आजारासकट. कोपऱ्यातला आकडा दोन आकडी झाला.

तिच्या आणि यंत्राच्या मध्ये एक चटई, एक वक्ता, एक पाद्री आणि परमेश्वर होता. उठून चालत गेली तर प्रार्थनेत थोरांच्या डोक्यावरून चालत गेलेली सून म्हणून तिच्या माहेरपर्यंत गोष्ट जाईल. पाद्रीणबाई उद्या अंगणात पाऊल ठेवू देणार नाहीत, आणि चार्जर त्यांच्या अंगणात. मग यंत्र राहील, पाठ राहतील, आणि बघायला कधी मिळणार नाहीत. बसून राहिली तर पाठच राहणार नाहीत. चारी बाजूंना उघडा समुद्र होता, संध्याकाळचा, तांबूस. वारा या खांबातून शिरून त्या खांबातून जात होता. तिला हात हलवता येत नव्हता.

"आणि प्रभू," पाद्रीबुवा म्हणाले, "दूर देशी सफरचंदं तोडणाऱ्या आमच्या मुलांना आठव. त्यांच्या बायका त्यांची वाट बघतात..."

फुआतिनोच्या घशातून आवाज निघाला. हुंदका नव्हे, उंदीर पिंजऱ्याच्या तारेवर नाक घासतो तसा.

सिनापातीने डोळे उघडले.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. सासूचा चेहरा नेहमीसारखा होता, जुन्या नारळासारखा. आत पाणी आहे की नाही ते बाहेरून कळायचं नाही. तिने सुनेच्या नजरेचा माग काढला, तो यंत्रावर गेला. निळा उजेड तिच्या हनुवटीवर पडला होता. अक्षरं तिला कळत नव्हती. पण उतरणारा आकडा काय असतो ते तिला कळत असावं. चर्चच्या बिंगोत, आकड्यांच्या त्या खेळात, उरलेले आकडे कमी होताना तिने पुष्कळ पाहिले होते.

यंत्र तिच्या गुडघ्याला लागून होतं. ती नुसती बसून राहिली असती तर काही करायची गरज नव्हती. प्रार्थनेत नुसतं बसून राहिल्याचा दोष कोणाला लागत नाही. सून घरात राहिली असती, पाठ चोळली गेली असती, चूल पेटत राहिली असती.

फुआतिनोने काही मागितलं नाही. तिला मागताच येईना. तिने फक्त बघितलं.

सिनापातीने मांडीवरचा हात उचलला. झग्याच्या घोळाआडून तो हळूच कळांवर गेला, अळूच्या पानावर गोगलगाय जावी तसा. बोट एका कळेवर थांबलं आणि तिने सुनेकडे बघितलं. फुआतिनोचा चेहरा हलला नाही. बोट पुढे सरकलं. नाही. आणखी पुढे, खालच्या कोपऱ्याकडे, बाणांच्या कळांपाशी. डावीकडचा बाण. नाही. मग वरचा.

फुआतिनोने भुवया उचलल्या: हो.

पट्टी वरच्या ओळीवर गेली.

आकडा थांबला नाही. तो आता एकाच आकड्याचा होता. सिनापातीचं बोट परत फिरू लागलं, आणि फिरता फिरता घाईने चुकून मोठ्या लांब कळेवर आलं. फुआतिनोने डोळे एवढे मोठे केले की बोट चटका बसल्यासारखं उडालं. वाएलुआ खाकरला. दोघींनी माना खाली घातल्या. पाद्रीबुवा चर्चच्या नव्या छपराकडे वळले होते. सिनापातीचं बोट न बघता, चाचपत, उजवीकडे गेलं आणि एका रुंद कळेवर टेकलं.

भुवया.

निळा पडदा गेला. काळा झाला. मग एक पांढरी रेघ हळूहळू भरू लागली आणि यंत्राच्या पोटात सीडी गरगरली, मोठ्याने, साळुंक्या उडवायची तशी.

पाद्रीबुवा थबकले. त्यांनी एक डोळा उघडला असेल किंवा नसेल. "...आमेन," ते म्हणाले.

"आमेन," सिनापाती सगळ्यांत मोठ्याने म्हणाली.

दुसरा शंख वाजला, रस्ता मोकळा झाला, आणि वाएलुआने पालुसामीचा पहिला पुडा सोडला. "बघितलंत?" तो म्हणाला. "मी सादर केलं आणि यंत्र आपोआप चालू लागलं. मान दिला की वस्तूसुद्धा ऐकते."

"तुमच्या हाताला यश आहे," सिनापाती म्हणाली.

जेवणं होईपर्यंत रेघ भरली. फुआतिनोने चित्रावर बोट आपटलं. प्रोग्राम उघडला. पाठ होते, सगळे, पहिल्यापासून. तिने एकही अक्षर न वाचता आधी ते पेनड्राइव्हवर उतरवले, मग पुन्हा एकदा उतरवले, आणि पेनड्राइव्ह झग्याच्या आत टाकला. भांडी घासताना तो छातीला टोचत होता. टोचू दे.

वाएलुआने सीडी परत मागून घेतली. कोको अजून वाळायचा होता.

घरी परतताना अंधार पडला होता. सासू पुढे, सून मागे, लॅपटॉप चटईत गुंडाळून डोक्यावर. समुद्रापलीकडे समोरच्या बेटावर चार-दोन दिवे दिसत होते. 

"मी काय दाबलं ते मला ठाऊक नाही," सिनापाती म्हणाली. "तू भुवया उचलल्यास, मी दाबलं."

"आई, मी..."

"आभार मानू नकोस. पाद्रीबुवांनी पुरेसे मानलेत." ती चालत राहिली. मग तिची पावलं मंद झाली. "ती शाळेमागची खोली. केवढी असते?"

फुआतिनो थांबली.

"लहान असते. मास्तरणीला एकटीला देतात."

"लहान म्हणजे? दोन चटया मावतात की नाही?"

समुद्र बाजूने वाजत होता. फुआतिनोला ती खोली दिसली: दार असलेली, भिंती असलेली, आत टेबल, टेबलावर तिची वह्यापुस्तकं. कितीतरी महिने ती तशीच दिसत आली होती, रोज, भांडी घासताना. आता त्या खोलीच्या कोपऱ्यात कोणीतरी बसलं होतं, चोळून घ्यायला पाठ फुआतिनोकडे करून.

"तिथून माझ्या गावाला बस जाते," सिनापाती म्हणाली, समोरच्या दिव्यांकडे बघत. "ऐकलंय मी."

जे हातात पडलं ते एकट्याचं नसतं. फुआतिनोला हे लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी तिने जागच्या जागी उभं राहून एक लांब श्वास घेतला, चूल फुंकायच्या आधी घेतात तसा.

तिने भुवया उचलल्या. पण अंधारात भुवया कोणाला दिसतात? सासू थांबून राहिली होती, उत्तराशिवाय पुढे पाऊल टाकणार नव्हती. तेव्हा तोंडाने सांगावंच लागलं.

"मावतील," फुआतिनो म्हणाली.